रात्री तेल, सकाळी पाना

॥ श्री ॥
रत्नागिरी, श्रावण

चि. मुक्ता हिस अप्पाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुला जे सांगितलं ते घाईत सांगितलं. तू पंपावर उभी, मागच्या गाड्यांचे हॉर्न चाललेले, पेट्रोलचा पिवळा दिवा लागलेला. अशा वेळी माणसाला कारणं नको असतात, झाकण उघडायला हवं असतं. तुझ्या मैत्रिणीने खटका ओढून धरला, तू तळहाताने झाकण आत दाबलंस आणि ते उघडलं, टाकी भरली, हे ऐकलं आणि मी निवांत झोपलो. पण काल तुझ्या आईशी बोलताना कळलं, की तू आता झाकण नुसतं टेकवून वरून चिकटपट्टी लावून फिरते आहेस आणि रविवारी स्क्रू ड्रायव्हर घालून त्याचा सोक्षमोक्ष लावणार आहेस. म्हणून हे पत्र. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव, बाळ. रविवारी ऊन वर यायच्या आत हे कागद समोर घेऊन बस आणि मी लिहितो तसं सावकाश कर. तुला ते जमेल याविषयी माझ्या मनात शंका नाही. लहानपणी आमच्या ओटीवर बसून सायकलची चेन तू एकटीने बसवायचीस ते मी पाहिलं आहे. काळजी आहे ती तुझ्या घाईची, तीही तुम्हां पुण्याला नोकरी करणाऱ्या पोरांना वेळच मिळत नाही म्हणून. बाकी कशाची नाही.

आधी एक मनातलं सांगतो. बाबांची २००९ सालची ऑल्टो तू मोडीत न काढता स्वतःकडे नेलीस, याचं मला फार बरं वाटलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर ती तपासून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तू सुट्टी टाकून आरटीओत गेलीस, पर्यावरण कर भरलास, पासिंग करून आणलंस. नवी गाडी हप्त्यावर घेणं आजकाल सोपं झालं आहे, मुक्ता, आणि जुनी चालती ठेवणं कष्टाचं. ते कष्ट तू आपणहून पत्करलेस. तेव्हा या झाकणापायी तिच्या अंगावर ओरखडा यायला नको.

आता झाकण उघडतं कसं ते बघ. तुझ्या आसनाशेजारी खाली जो खटका आहे, त्याला एक केबल जोडलेली असते. सायकलच्या ब्रेकला असते तीच जात: बाहेर नळी, आत पोलादी तार. अर्नेस्ट बोडेन नावाच्या गृहस्थाने १८९६ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आजही त्या रचनेत फारसा बदल करावा लागलेला नाही. ही केबल गालिच्याखालून, दाराच्या उंबऱ्याच्या कडेने मागे जाते आणि पेट्रोलच्या झाकणापाशी एका खिट्टीला मिळते. खिट्टी बोटाच्या पेराएवढी. तिच्यामागे स्प्रिंग असल्यामुळे ती कायम बाहेर डोकावते आणि झाकणाच्या आतल्या आकड्यात अडकून झाकण धरून ठेवते. तू खटका ओढलास की तार ओढली जाते आणि खिट्टी मागे सरते. पण नुसती खिट्टी सरून झाकण वर येत नाही, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नसतं. त्याला वर ढकलायला आणखी एक पातळ पत्र्याची पट्टी असते, स्प्रिंगसारखी, कुठे बिजागरीपाशी तर कुठे खिट्टीच्या बाजूला. खटका, केबल, खिट्टी, पट्टी, बिजागरी: एवढाच सगळा कारभार. यांतलं एक जरी रुसलं तरी बाहेरून दिसताना एकच दिसतं, की झाकण उघडत नाही.

म्हणून झाकणाला हात लावायच्या आधी खटक्याला विचारावं. खटका अगदी हलका लागला, ओढताना हाताला वजनच आलं नाही, तर तार तुटली आहे किंवा एका टोकाने निसटली आहे. खटका घट्ट लागला, ओढवेना, तर केबल नळीत गंजली आहे किंवा खिट्टी आपल्या भोकात मातीने धरली आहे. तिथे जोर केलास तर खटक्याचं प्लॅस्टिक मोडतं आणि एका कामाची दोन कामं होतात. आणि खटका नेहमीसारखा आला, मागून ‘टक्’ असा आवाजही आला, तरी झाकण जागचं हललं नाही, तर केबल आणि खिट्टी बिचाऱ्या आपलं काम करताहेत. दुखणं पट्टीत नाहीतर बिजागरीत आहे. तू मला फोनवर म्हणालीस, ‘आवाज तर येतो हो आजोबा, पण उघडत नाही.’ त्या एका वाक्यावरून माझा निम्मा जीव भांड्यात पडला होता.

मग दाबल्यावर का उघडलं? बिजागरी गंजून जड झाली, पट्टीचा जोर कमी झाला, की झाकण आपल्या जागेवर थोडं तिरकं बसतं आणि त्याचा आकडा खिट्टीवर रेलतो. खटका सोडला की खिट्टी पुन्हा बाहेर येऊन त्याला धरते. आपल्याकडे पावसात फुगलेल्या दाराची कडी निघत नाही तेव्हा तू काय करतेस? दार आधी आपल्याकडे ओढून धरतेस, मग कडी सरकवतेस. इथेही तेच. तळहाताने आत दाबलं की खिट्टीवरचा भार जातो, त्याच वेळी दुसऱ्याने खटका ओढून धरला की ती पूर्ण मागे सरते, आणि हात उचलला की झाकण मोकळं होतं. एकटी असशील तर खटका ओढलेल्या स्थितीत दोरीने नाहीतर ओढणीने अडकवून ठेव आणि मग मागे जाऊन दाब. तेवढ्यानेही कड वर आली नाही, तर बँकेचं जुनं निकामी कार्ड मऊ फडक्यात गुंडाळून कडेला सरकव आणि हलकेच उचल. प्लॅस्टिकच वापर, लोखंड नको.

लोखंड का नको, तेही सांगतो. झाकण म्हणजे पातळ पत्रा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कडेत घातलंस की आधी रंग उडतो, मग कड मुडपते. मुडपलेलं झाकण पुन्हा सरळ बसत नाही, त्या फटीतून पाणी जातं, आणि उडालेल्या रंगाखाली पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. मग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जावं लागतं, आणि तो एवढंसं झाकण वेगळं रंगवत नाही, रंग जुळावा म्हणून शेजारचा पत्राही रंगवावा लागेल म्हणतो, आणि त्याचंही बरोबर असतं. चिमूटभर ग्रीसचं काम हजारांवर जातं ते असं. शिवाय ती जागा पेट्रोलची. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ देतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड, म्हणून वर उडून न जाता खाली साचून राहते. तिथे हातोडी, ग्राइंडर, काडी, मेणबत्ती, सोल्डरिंग असलं काही फिरकता कामा नये. कुणी उत्साही शेजारी मदतीला आला आणि त्याच्या तोंडात सिगारेट असली, तर त्याला आधी चहाला वर पाठव.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी नवा लागलो तेव्हा आमचे हेड मेकॅनिक आम्हां पोरांच्या हातात पहिले काही दिवस पाना देतच नसत. गंजलेला नट दिसला की हात शिवशिवायचे, मोठा पाना लावून लोंबकळावंसं वाटायचं. ते म्हणायचे, रात्री तेल, सकाळी पाना. संध्याकाळी सुटी व्हायच्या आधी नटाभोवतीची माती ब्रशने काढायची, थेंब थेंब तेल सोडायचं आणि घरी जायचं. तेल गंजाच्या बारीक भेगांतून आपोआप आत झिरपत जातं, पण त्याला अवधी लागतो. आपण जोर लावून तो अवधी कमी करू शकत नाही, फक्त नटाचे कोपरे गोल करू शकतो. सकाळी पहिल्या पाळीला लवकर येऊन पाना लावला, की कालचा दगडासारखा नट एका हाताने फिरायचा. मला पहाटे उठायची सवय लागली ती तिथे, आणि ती अजून आहे. पहाटेचं काम सुखाचं होतं, पोरी. पत्रा थंड असतो, फोन वाजत नाही, आणि पडलेला स्क्रू सापडेपर्यंत शोधायला सवड असते.

म्हणून तू शनिवारी रात्री जेवण झाल्यावर खाली जा आणि एवढंच कर: चिकटपट्टी काढ (तिचा गोंद रंगाला फार दिवस लागून राहू देऊ नकोस, खोबरेल लावून पुसून टाक), झाकण उघड, आतलं बूच घट्ट लावलेलं आहे याची खात्री कर, म्हणजे माती किंवा तेल टाकीत जाणार नाही. जुन्या टूथब्रशने बिजागरीतली माती काढ. तिथे तुला लाल माती निघेल, ती आपल्या जांभ्याची. गाडी इतकी वर्षं इथे समुद्राच्या वाऱ्यावर उभी होती, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात ही बिजागरी इतकी टिकली याचंच कौतुक. मग गंज सोडवणारा स्प्रे त्याच्या बारीक नळीने बिजागरीच्या पिनेवर आणि खिट्टीच्या मुळाशी मार, खाली फडकं धर, आणि वर येऊन झोप.

रविवारी सकाळी झाकण हाताने उघडझाप करत राहा, जोर न लावता, हळूहळू त्याची चाल वाढवत. सुरुवातीला काळं-तांबडं पाणी बाहेर येईल. ते पुसत जा, पुन्हा थोडा स्प्रे, पुन्हा चाल. कुरकुर थांबली आणि झाकण एका बोटाने हलायला लागलं की बिजागरी मोकळी झाली. आता त्या मैत्रिणीला पुन्हा खटक्यापाशी बसव (तिला माझे आशीर्वाद सांग, गुणी मुलगी दिसते) आणि झाकण उघडं असतानाच तिला खटका ओढायला सांग. तू खिट्टीकडे बघ. ती पूर्ण मागे जाते आहे का, आणि खटका सोडल्यावर झटकन पुढे येते आहे का, की आळसावून अर्ध्यावर थांबते? अर्ध्यावर थांबली तर तिथेही तेल आणि चाल, हाच उपाय. आमच्या वेळी मी कितीतरी लोकांना बंद झाकणाकडे बघून केबल बदलताना पाहिलं आहे. झाकण उघडं ठेवून खिट्टी बघितली असती तर कळलं असतं, की केबलला काही झालेलंच नाही.

मग पट्टी. बोटाने दाबून बघ, ती उसळून परत येते का. मलूल झाली असेल तर नोज प्लायरने, नखभर, बाहेरच्या बाजूला वाकव. नखभरच. जास्त वाकवलीस तर ती मोडेल, किंवा झाकण इतकं वर ढकलेल की ते नीट मिटणारच नाही. वाकवायच्या आधी तिचा फोटो काढून मला पाठव, मी बघून सांगतो किती ते.

आणि सगळं झाल्यावर स्प्रे कोरड्या फडक्याने पुसून, बिजागरीच्या पिनेला आणि खिट्टीला ग्रीसचं बोट लाव, पातळसं. इथे बरेच जण चुकतात. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे १९५३ साली अमेरिकेत तयार झाला तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. तो अडकलेलं सोडवतो, पण काही दिवसांनी उडून जातो आणि भाग पुन्हा कोरडा पडतो. टिकायचं काम ग्रीसचं. फक्त बुचाच्या रबरी वायसरला ग्रीस किंवा स्प्रे लागू देऊ नकोस, रबर फुगतं आणि मग बूच नीट बसत नाही.

तिथेच, झाकणाच्या आतल्या खोबणीत, खालच्या बाजूला एक बारीक भोक दिसतं का ते शोध. बहुतेक गाड्यांत असतं; खोबणीत आलेलं पावसाचं पाणी तिथून नळीने खाली जातं. ते मातीने बुजलं की पाणी तिथेच साचतं आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तिथून सुरू होतं. उदबत्तीची काडी घालून हलकेच मोकळं कर आणि वाटीभर पाणी ओतून बघ, खाली रस्त्यावर ओघळतं का. (बूच घट्ट आहे ना, ते आधी पुन्हा बघ.)

कधी काळी केबल खरंच तुटली तरी घाबरून जाऊ नकोस. खटक्यापाशीच तुटली असेल तर गालिचा उचलून तारेचं टोक पकडीत धरून ओढलं तरी झाकण उघडतं. मागच्या बाजूला तुटली असेल तर डिकीत, त्या कुशीचं आतलं आवरण अलगद सोडवून हात आत घालावा लागतो आणि खिट्टी बोटांनी मागे ओढावी लागते. हे काम ओळखीच्या मेकॅनिककडून करून घे, आवरणाच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या जुन्या झाल्या की तुटतात. नवी केबल नाना पेठेत मिळेल, मात्र जुनी पिशवीत घालून घेऊन जा आणि दोन्ही शेजारी धरून लांबी बघ; गाडीचं नुसतं नाव सांगून आणलेला भाग पुष्कळदा परत करायला जावं लागतं. आणि जुनी केबल ओढून काढायच्या आधी तिच्या टोकाला लांब, बळकट सुतळी बांध. केबल पुढून निघेल तशी सुतळी तिच्या मागोमाग त्याच वाटेने येईल, आणि मग तिलाच नवी केबल बांधून उलटी ओढली की नवी आपोआप जुन्या वाटेने जागेवर जाते. एवढी सुतळी बांधली नाही म्हणून अख्खा गालिचा, आसनं आणि उंबऱ्याच्या पट्ट्या उचकटत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मेकॅनिक घाईत असला तर तूच त्याला आठवण कर, गोड शब्दांत.

दोन सवयी तेवढ्या लावून घे. पावाच्या खाली काटा जाऊ देत जाऊ नकोस. तुमच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी सतत तळाला ठेवली की त्याच्यावर ताण येतो. शिवाय पाव टाकी शिल्लक असली की झाकण अडकलं तरी ते संकट होत नाही, तू शांतपणे घरी येतेस आणि सवडीने बघतेस. पैसे तेवढेच लागतात, फक्त चार दिवस आधी. दुसरी सवय पंपावरची. ती मुलं घाईत असतात, त्यांचा दोष नाही, दिवसभर रांग असते. झाकण धाडकन आपटतात. तू खाली उतर, शून्य आकडा बघ, नळी आपोआप बंद झाली की ‘बस, भाऊ’ म्हण, वर आणखी भरायला लावू नकोस, आणि झाकण स्वतः तळहाताने दाबून मिटव. मिनिटभर जास्त जाईल. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

इकडे पाऊस चांगला आहे. तुझ्या आजीने अळूचं फतफतं केलं की तुझी आठवण काढते. ऑफिसातून उशिरा येऊन तू पुन्हा फोन बघत जागतेस असं आई म्हणत होती. लवकर झोपत जा, म्हणजे लवकर उठवेल. पट्टीचा फोटो पाठवायला विसरू नकोस.

तुझा,
अप्पाआजोबा

ता. क. गणपतीला येताना टाकी पुण्यात सकाळी निघतानाच भर आणि कराडला चहाला थांबशील तेव्हा झाकण एकदा उघडून मिटून बघ, म्हणजे कुंभार्ली घाटाच्या अलीकडेच कळेल. येताना जुन्या टूथब्रशबरोबर तो स्प्रेचा डबाही गाडीत ठेव. इथे आल्यावर चारही दारांच्या बिजागऱ्या आपण दोघं मिळून करू.